एकट्याचा दूरचा प्रवास आणि घरची संमती

परीक्षा आटोपून सुटी लागली की आमच्याकडे जुने विद्यार्थी भेटीस येतात. कोणी नोकरीचे वर्तमान सांगतो, कोणी पुढील शिक्षणाविषयी सल्ला विचारतो. परंतु अलीकडे काही वर्षांपासून या भेटींत एक विषय हटकून निघू लागला आहे. तो म्हणजे मोटारसायकलवरून, एकट्यानेच, दूर कोठेतरी जाण्याचा. कोणास गोवा खुणावीत असतो, कोणास कन्याकुमारी, तर पुष्कळांस थेट लडाखच. हे सांगत असता त्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसतो, तो भूमितीचा कठीण प्रश्न सुटल्यावरही आम्ही क्वचितच पाहिला असेल. मग चार दिवसांनी त्यांचेच वडील बाजारात भेटतात आणि म्हणतात, "सर, याच्या डोक्यातले हे खूळ तुम्ही तरी काढा." अशा दोन्ही पक्षांच्या फिर्यादी ऐकता ऐकता या विषयी आमचे काही मत बनले आहे. ते बनण्यास एक दुःखद प्रसंगही कारण झाला. या वार्षिकाचे वाचक विद्यार्थी व पालक असे दोघेही असल्यामुळे ते येथे मांडणे उचित होईल, असे आम्हांस वाटते.

आमचे मत थोडक्यात असे आहे: एकट्याने दूर जावयाचे तर सिद्धतेचा आरंभ गाडीपासून न करता घरापासून करावा. आपण कोठे जाणार, कसे जाणार व केव्हा परतणार, हे घरच्यांस खरे सांगणे, ही त्या सिद्धतेची पहिली पायरी होय. आणि मुलाला खरे सांगता येईल असे घर राखणे, हा पालकांचा त्यातील वाटा होय. या दोहोंपैकी एक जरी नसले, तरी बाकीची सर्व तयारी अपुरी समजावी.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, दूर जाण्याची इच्छा ही काही दुर्गुणात गणण्यासारखी गोष्ट नाही. घराच्या उंबरठ्यापलीकडे काय आहे, हे पाहण्याची ओढ तरुणांस असावी, हे निसर्गाला धरूनच आहे. आमच्या शाळांचा पाया ज्यांनी घातला ते शिक्षक व उपदेशक बैलगाडीतून, तट्टावरून आणि कित्येकदा पायी खेडोपाडी हिंडत असत. शास्त्रवर्गात आपण प्रेषित पौलाच्या प्रवासांचे नकाशे काढतो. त्याच्या नौका फुटल्या, तरी तो घरी बसला नाही. तेव्हा तरुणांनी प्रवासाचे नाव काढताच कपाळास आठी घालणे आम्हां शिक्षकांस तरी शोभणारे नाही.

एकट्याने केलेल्या प्रवासाचा लाभही निराळा आहे. चौघे मित्र बरोबर असले म्हणजे वाट चुकल्याचा दोष वाटून घेता येतो; एकट्यास तो स्वतःकडेच घ्यावा लागतो. कोठे थांबावे, कोणास विचारावे, केव्हा पुढे न जाता मागे फिरावे, याचा निर्णय त्याला स्वतःच्या बुद्धीने करावा लागतो. ज्या मुलाने घरात कधी स्वतःच्या हाताने चहासुद्धा करून घेतला नाही, त्याला परगावी रात्रीच्या मुक्कामाची सोय पाहावी लागते व सकाळी उठून स्वतःचे कपडे पिळावे लागतात. आमच्या मते हेही शिक्षणच होय, आणि त्यासाठी पाठ्यपुस्तक लागत नाही.

इतके म्हटल्यावर आता तो प्रसंग सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास महाविद्यालयात शिकत होता. वय वीस वर्षांचे. मुलगा मनमिळाऊ व चलाख. सन २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो आमच्याकडे आला आणि मोटारसायकलने एकट्याने गोव्यास जाण्याचा मनोदय त्याने मोठ्या उत्साहाने बोलून दाखविला. आम्ही हसलो आणि म्हणालो, "आधी परीक्षा दे, मग गोवा बघ." त्यावर तोही हसला व विषय तेथेच राहिला. पुढे ऑक्टोबर महिन्यात एका शनिवारी तो पहाटे पुण्याहून निघाला. घरी त्याने फोनवर सांगितले होते की, दोन दिवस मित्राच्या खोलीवर अभ्यासासाठी राहणार आहे. गाडी मित्राची, मागचा टायर गुळगुळीत झालेला, अंगात नेहमीचाच सदरा. साताऱ्यात, कराडात, कोल्हापुरात थांबता थांबता त्याला उशीर झाला आणि आंबोलीचा घाट लागला तेव्हा रात्र पडली होती. आंबोली हे महाराष्ट्रातील अतिशय पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पाऊस सरत आला तरी तेथले धुके व रस्त्याची ओल लवकर जात नाही. एका वळणावर मागचे चाक सरकले आणि तो गाडीसह कठड्यावर जाऊन आदळला.

मांडीचे हाड मोडले होते. मोबाइल फुटला होता. लायसन्स व इतर कागद त्या मोबाइलातच होते. पहाटेच्या सुमारास दुधाचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या एका गृहस्थाने त्याला पाहिले, उचलले आणि रुग्णालयात पोहोचविले. मुलगा ग्लानीत होता. त्याच्या पाकिटात पैशांखेरीज एकच वस्तू निघाली. आपल्या हायस्कूलचे, दहावीच्या वर्षाचे, कडा झिजलेले ओळखपत्र. त्यावरील क्रमांकावर फोन आला तो रविवारी सकाळी. शाळेस सुटी, शिपाईमामा आवारातच राहतात म्हणून तो उचलला तरी गेला. ते धावत आमच्या घरी आले, आणि ही वार्ता मुलाच्या घरी पोहोचविण्याचे काम आमच्यावर आले.

त्याच्या वडिलांनी दार उघडले. आम्ही जे सांगत होतो ते त्यांना कळतच नव्हते. "नाही हो सर, तो मित्राकडे आहे अभ्यासाला. कालच बोलला माझ्याशी," हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आतून त्याची आई बाहेर आली आणि आमच्या तोंडाकडे पाहून मटकन खाली बसली. आम्ही वीस वर्षे शिकवीत आहो. परंतु एखाद्या बापाला त्याच्या मुलाने खोटे सांगितले आहे, हे पटवून देण्याची वेळ इतक्या कठोरपणे आमच्यावर कधी आली नव्हती.

देवाच्या दयेने मुलगा वाचला. हाडात सळई घालावी लागली, वर्ष वाया गेले. पुढे एके दिवशी आम्ही त्याच्या उशाशी बसलो असता वडील म्हणाले, "याने विचारले असते तर मी नाहीच म्हटले असते." मुलगा छताकडे पाहत म्हणाला, "ते ठाऊक होते, म्हणूनच विचारले नाही." त्या खोलीत आम्ही तिघे होतो आणि तिघेही काही वेळ बोललो नाही. कारण त्या दोन वाक्यांत आमचाही दोष होता. तो घरी विचारू शकत नव्हता म्हणूनच तर दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला होता. आणि आम्ही त्याची थट्टा करून त्याला परत पाठविले होते. कोणत्या गाडीवर जाणार, घाट कोणता, मुक्काम कोठे, एवढे तीन प्रश्न जरी आम्ही विचारले असते, तरी ती गाडी व तो टायर कोणाच्या तरी नजरेस पडला असता.

घरातून न सांगता निघून जाण्याची गोष्ट आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयास नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक लहर लागली की घर सोडून निघून जात, आणि मागे राहिलेल्या माणसांवर काय प्रसंग येई, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ज्यांनी वाचले आहे त्यांस निराळे सांगावयास नको. जाणाऱ्यास वाट दिसत असते, डोंगर दिसत असतात. मागे राहणाऱ्यास केवळ दार दिसते. तरुणांनी आपल्या आनंदाचा हिशेब मांडताना ही दुसरी बाजूही वहीत लिहिली पाहिजे.

आता सिद्धतेकडे वळू. परंतु त्याआधी, सध्या शाळेत असलेल्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा लेख तुम्ही आज वाचावयाचा आहे; आचरणात आणण्यास तुम्हांस काही वर्षे थांबावे लागेल. गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी सुधारणा झाली, तिच्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा "शेजारच्या गल्लीतच तर जातो" म्हणून किल्ली देणाऱ्या पालकांनीही याचा विचार करावा.

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्याचा एक दृष्टांत आहे. काम पुरे करण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही, याचा हिशेब त्याने आधी बसून करावा, असा त्याचा आशय आहे. दूरच्या प्रवासासही तो तंतोतंत लागू पडतो. हा हिशेब चार गोष्टींचा: गाडीचा, शरीराचा, वाटेचा आणि घराचा.

गाडीचा हिशेब असा. सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी न करता किमान आठवडाभर आधी करावे. कारण गाडी उघडून पुन्हा जोडली म्हणजे एखादा नट सैल राहणे, ब्रेक घासणे, ऑइल झिरपणे असे दोष पहिल्या शे-दीडशे किलोमीटरांत दिसून येतात. ते घराजवळ दिसावेत, घाटात नव्हेत. टायरची नक्षी झिजली असेल तर तो बदलावा. येथे काटकसर करणारा मनुष्य छप्पर विकून दरवाजा रंगविणारा होय. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि मागे सामान असेल तर गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तेवढी भरावी. चेनला तेल, ब्रेकचे पॅड, दिवे, हॉर्न, आरसे हे सर्व स्वतः पाहावे. "गॅरेजवाल्याने पाहिले आहे" हे उत्तर पुरेसे नाही. पंक्चर काढणे, चेन ताणणे, फ्यूज बदलणे एवढे तरी आपल्या गावच्या मिस्त्रीजवळ बसून शिकून घ्यावे. मिस्त्री आनंदाने शिकवितात. त्यांस कोणी विचारीत नाही, एवढेच.

सामान थोडे घ्यावे. जड वस्तू खाली व गाडीच्या मध्याजवळ बांधाव्यात, हँडलला काहीही अडकवू नये. असे बांधलेले सामान घेऊन आधी शंभर किलोमीटरांची, नंतर दोनशे किलोमीटरांची एकेक फेरी करून यावी. रिकामी गाडी आणि लादलेली गाडी या वळणावर व ब्रेक दाबताना दोन निराळ्या गाड्या असतात, हे त्या फेरीतच कळते. स्नेहसंमेलनातील नाटकाची आपण महिनाभर तालीम करतो. जिवाशी गाठ असलेल्या गोष्टीची तालीम नको, असे कसे म्हणावे?

शरीराचा हिशेब बहुतेक तरुण करीतच नाहीत. हेल्मेट भारतीय मानक ४१५१ प्रमाणे आय.एस.आय. चिन्हाचे, डोक्यास घट्ट बसणारे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा; पट्टा न बांधलेले हेल्मेट पडण्याच्या वेळी डोक्यावर राहत नाही. जाड जाकीट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट ही चैन नसून त्वचेची राखण आहे. आपल्या रस्त्यांवर थांबे धरून ताशी सरासरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर कटत नाही. म्हणजे अडीचशे किलोमीटरांस साधारण सहा तास झाले. पहिल्या प्रवासात एका दिवसास यापेक्षा अधिक अंतर योजू नये. दर दीड तासाने उतरावे, पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. डोळ्यांवर झापड येऊ लागली तर तोंडावर पाणी मारून पुढे जाण्यात पुरुषार्थ नाही. झाडाखाली अर्धा तास निजण्यात शहाणपण आहे.

वेगाविषयी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच सर्व काही सांगितलेले आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ३६ किलोमीटरांऐवजी ७२ किलोमीटर वेग ठेवला, तर ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते. शिवाय ७२ किलोमीटरांच्या वेगाने गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. समोर आडवे आलेले गुरू डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तो एक सेकंद संपलेला असतो. हे सूत्र परीक्षेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जण रस्त्यावर ते आठवतात?

वाटेचा हिशेब म्हणजे नुसता मोबाइलचा नकाशा नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस मनाई आहे, हे आधी ठाऊक असावे. आपल्याच भागातील उदाहरण घ्यावयाचे तर पुणे-कोल्हापूर रस्त्याचे घेता येईल. उसाचा हंगाम सुरू झाला की त्या बाजूस ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या चालतात. ऊस बाहेर आलेला असतो आणि पुष्कळदा मागे दिवा नसतो. दिवसा जे वाहन फर्लांगभरावरून दिसते, तेच रात्री अगदी पुढ्यात आल्यावर दिसते. म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाही, हा नियम पहिल्या प्रवासापुरता तरी मोडू नये. लडाखचे स्वप्न पाहणाऱ्यांसही येथेच सांगतो: खारदुंगला ५,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. ज्याने कोकणचे घाटही एकट्याने चढले-उतरले नाहीत, त्याने तेथून आरंभ करू नये. अंकगणितात कोणी आधी बेरीज सोडून वर्गमूळ शिकत नाही.

आणि शेवटचा हिशेब घराचा. मुक्कामाची गावे व तेथील पत्ते कागदावर लिहून घरी ठेवावेत. सकाळी निघताना, दुपारी व मुक्कामी पोहोचल्यावर असे तीन फोन ठरवून करावेत. आपले नाव, रक्तगट, घरचे दोन दूरध्वनी क्रमांक आणि एखाद्या औषधाचे वावडे असल्यास ते, असे एका कागदावर लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या खिशात ठेवावा. मोबाइल फुटतो, त्याला कुलूप असते, कागदाला नसते. लायसन्स, आर.सी., विमा व पी.यू.सी. यांच्या छायाप्रतीही बरोबर असाव्यात. संकटकाळासाठी देशभर ११२, रुग्णवाहिकेसाठी आपल्या राज्यात १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मुखपाठ असावेत.

कोणी म्हणेल, इतका हिशेब करणारा मनुष्य कधी साहस करील काय? इतिहास निराळे सांगतो. इंग्लंडची एल्स्पेथ बिअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९८२ ते १९८४ या काळात मोटारसायकलवरून एकटीने जगप्रदक्षिणा करून आली. तिने त्यासाठी पैसे स्वतः काम करून जमविले. वाटेत सिडनी येथे कित्येक महिने नोकरी केली आणि तेथेच सामानासाठी कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतःच्या हातांनी बनविल्या. पुढे थायलंडमध्ये आडव्या आलेल्या कुत्र्यामुळे तिला अपघात झाला, तेव्हा ज्या गरीब कुटुंबाचा तो कुत्रा होता त्यानेच तिची शुश्रूषा केली. तिचे धैर्य आणि तिच्या पेट्या यांत आम्हांस विरोध दिसत नाही. आपल्या शाळेतील मुलींनीही हे नाव लक्षात ठेवावे. साहस हा काही मुलग्यांचाच प्रांत नव्हे, आणि पालकांनीही मुलास एक व मुलीस एक अशी दोन मापे ठेवू नयेत.

आता पालकांच्या पक्षाचे. रस्ते भयंकर आहेत, असे ते म्हणतात व ते खोटे नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हे आकडे वाचून कोणाचे काळीज हलणार नाही? परंतु त्याच अहवालात असेही आहे की, त्या वर्षी ५०,०२९ जण हेल्मेट न घातल्यामुळे मेले, आणि एकंदर मृत्यूंपैकी दहांतील सात अतिवेगामुळे झाले. म्हणजे भय आहे. पण त्यातील फार मोठा भाग मनुष्याच्या हाती असलेल्या गोष्टींचा आहे. नुसत्या "नाही"ने मुलगा घरात राहतोच असे नाही. कित्येकदा त्यामुळे तो जातो तो जातोच. फक्त हेल्मेट, टायर आणि मुक्काम यांविषयी त्याला विचारणारे कोणी उरत नाही. मनाई करण्याचा अधिकार पालकांस आहेच, व कित्येकदा ती करणे हे त्यांचे कर्तव्यच असते. पण मनाई करण्यापूर्वी ऐकून घ्यावे, आणि कोणत्या अटी पुऱ्या झाल्यास तिची संमती होईल, हे सांगावे. ज्या "नाही"ला कारण व मुदत असते, ते मुलगा मानतो; ज्याला दोन्ही नसतात, त्याला तो वळसा घालतो.

त्या मुलाची गोष्ट अर्धीच राहिली. पाय बरा झाल्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने वडिलांस पुन्हा विचारले. या वेळी समोरासमोर. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक वही आणली आणि म्हणाले, "लिही, काय काय लागते ते." सहा महिने त्या दोघांची तयारी चालली. मिस्त्रीकडे मुलाबरोबर बापही जाऊन बसे. डिसेंबरमध्ये तो निघाला, कोल्हापुरास पोहोचला आणि रात्री त्यास ताप भरला. सकाळी त्याने घरी फोन केला, गाडी नातेवाइकांच्या अंगणात ठेवली आणि एस.टी.ने परत आला. मित्रांनी पुष्कळ थट्टा केली. वडील मात्र आम्हांस म्हणाले, "सर, आता मला भीती वाटत नाही. त्याला परत फिरता येते." आम्हांस वाटते, संपूर्ण सिद्धतेची याहून चांगली परीक्षा नाही. पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०२४ साली, तो कोल्हापुराहूनच पुढे निघाला आणि भर दिवसा आंबोलीचा घाट उतरून गोव्यास जाऊन आला. जाताना वाटेत थांबून, टेम्पोवाल्या त्या गृहस्थाचे घर शोधून काढून, तो त्यांच्या पाया पडला.

त्या गृहस्थाचे आम्ही नेहमी स्मरण करतो. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तोही एकटाच प्रवासी होता, हे मात्र आमच्या पूर्वी कधी ध्यानात आले नव्हते. ज्याने त्याला उचलले तोही वाटसरूच होता. जखमीस मदत करणारास पोलीस व न्यायालय यांचे भय वाटू नये म्हणून २०१९ च्या सुधारणेने त्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा दूर जाणाऱ्या प्रत्येकाने वाटेवर कोणी पडलेला दिसल्यास थांबण्याचीही सिद्धता मनाशी करून निघावे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मोठे व्हाल, परवाना मिळवाल आणि एके दिवशी तुम्हांसही वाट बोलावील. त्या दिवशी अवश्य जा. मात्र आधी घरी सांगून जा, आणि घरी सांगणे कठीण वाटत असेल तर आमच्याकडे या. या वेळी आम्ही हसणार नाही. आम्ही विचारू, टायर कसा आहे, आणि मुक्काम कोठे आहे.